आरशाची मागची बाजू

एकदा एका नदीकाठच्या देवळात एक तरुण शिष्य आरसा घासत बसला होता, आणि तो मनातून पुरता भ्यालेला होता. आरसा घासण्यात भिण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. सांगतो. पण त्याआधी त्या देवीची गोष्ट ऐकली पाहिजे, नाहीतर भीतीही कळायची नाही आणि आरसाही.

त्या देवळातली देवीची मूर्ती मातीची होती. नदीकाठचीच चिकणमाती, वर रंगांचा लेप. मूर्ती फार जुनी आणि मोठी देखणी. पण तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर रंग ओघळणार, आणि घागर पडली तर देवीच वाहून जाणार. आता देवी म्हटली की अभिषेक आलाच. तेव्हा जुन्या जाणत्या माणसांनी तोड काढली. देवीसमोर काशाचा एक मोठा गोल आरसा धरायचा, खाली तांब्याचे घंगाळ ठेवायचे, आरशात देवीचे मुख उमटले की त्या प्रतिबिंबावर कलशातले पाणी सोडायचे. स्नान प्रतिबिंबाला, आणि पोचते देवीला. घंगाळात साठेल ते तीर्थ.

यात कोण कुठे बसतो ते नीट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे सोपे जाईल. कलश धरणारा देवीच्या शेजारी बसतो, म्हणून आरशात त्याला देवी दिसते. आरसा धरणारा देवीच्या समोर बसतो. आरशाचे तोंड देवीकडे आणि पाठ त्याच्याकडे.

हा आरसा आयुष्यभर एकाच माणसाने धरला होता. गाव त्यांना नुसते गुरुजी म्हणे. नाव काय, कूळ काय, हे विचारायची कोणाला गरजच पडली नव्हती. भावाभावांत भांडण झाले, चला गुरुजींकडे. पोरीचे लग्न ठरेना, चला गुरुजींकडे. ते फार बोलत नसत, पण माणूस त्यांच्यापुढे थोडा वेळ बसला की त्याचे त्यालाच उमजू लागे. लोक म्हणत, आदर्श असावा तर असा. आता संस्कृतात आदर्श म्हणजे मुळात आरसाच. आणि गंमत पाहा, तिकडे सातासमुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतही तोंड पाहायच्या आरशाला जो शब्द होता, तोच ज्याच्याकडे पाहून वागावे अशा माणसालाही लावीत असत. माणसे कुठलीही असोत, त्यांना तोंड पाहायला आरसा लागतो आणि मन पाहायला माणूस लागतो. पण ज्याला आपण असा आरसा करून ठेवतो, त्याच्या जिवाला काय घोर लागतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. आपली गोष्ट त्या घोराची आहे.

गुरुजींचे आता वय झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मनगटे कापत होती. त्यांनी गावाला सांगून टाकले, "यंदा चैत्रातल्या अष्टमीला आरसा गदाधर धरील. आणि त्यानंतर कायम तोच धरील."

गदाधर म्हणजे आपला तो आरसा घासणारा शिष्य. लहानपणी आईबाप गेले तेव्हापासून गुरुजींजवळ वाढला. रोज पहाटे गुरुजी आरसा धरीत आणि गदाधर कलशातून पाणी सोडी. मंत्र त्याला तोंडपाठ, हात स्वच्छ, बोलणे गोड. गावाने मान डोलावली. म्हणाले, गुरुजींच्या जागी हाच शोभतो. आणि त्या दिवसापासून गदाधराची झोप उडाली.

कारण गदाधर गदाधराला ओळखून होता. देवळातला म्हातारा आचारी भात करपवी तेव्हा याला असा राग येई, की वाटे, ते पातेले त्याच्याच डोक्यात घालावे. बरोबर शिकलेला एक जण मोठ्या शहरात जाऊन कीर्तनकार म्हणून गाजत होता. त्याचे नाव कोणी काढले की गदाधर तोंडाने 'वा, वा' म्हणे आणि मनात जळून खाक होई. लोक आपली गाऱ्हाणी सांगत तेव्हा हा शांत मुद्रेने ऐके, आणि आत म्हणत असे, 'आवरा हो आता, भूक लागलीय.' हे सगळे त्याने कोणाला सांगितले नव्हते. सांगणार कसा?

तशात यमुनाक्का कुंभारीण आली. तिचा मुलगा दौलत दारूपायी वाया गेला होता. चाक बंद, भट्टी थंड, घरात रोजचा शिमगा. पण गेले काही महिने तो संध्याकाळी देवळात येऊन गदाधराची पोथी ऐकत बसे, आणि हळूहळू त्याची दारू सुटली होती. यमुनाक्काने गदाधराच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, हा तुमच्याकडं बघूनच माणसात आला. मी त्याला सांगितलंय, दुसरं काही नको करूस, फक्त ह्यांच्यासारखा वाग."

दौलत शेजारीच उभा होता. त्याने गदाधराकडे अशा विश्वासाने पाहिले की गदाधराच्या अंगावर काटा आला. आज ना उद्या याला माझे खरे रूप कळणार, मग हा कशाला धरून राहील? परत त्या गुत्त्यावर जाऊन बसेल. आणि ते पाप माझे. या विचाराने बिचाऱ्याला घास गिळेना. एकदा वाटे, गुरुजींना सारे सांगून मोकळे व्हावे. लगेच वाटे, नको, या वयात त्यांना हा धक्का नको. शेवटी त्याने मनाशी ठरवले, अष्टमी तेवढी पार पाडायची, आणि मग गाठोडे उचलून कुठेतरी निघून जायचे, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही.

निदान अष्टमीला तरी कोणी बोट ठेवू नये, म्हणून तो आदल्या दिवशी आरसा घासायला बसला. चिंच लावली, राख लावली, मऊ फडक्याने पुसून पुसून पुढची बाजू अशी लखलखीत केली की देवळाचा सभामंडप तीत उतरला. मग त्याने आरसा उलटा केला. आजवर घासायचे काम गुरुजींचे, त्यामुळे मागची बाजू त्याने कधी पाहिलीच नव्हती. पाहतो तो काळीकुट्ट! काजळीचे थर बसलेले. अरे देवा, त्याला वाटले, गुरुजींच्या डोळ्यांना दिसेना म्हणून हे राहून गेले. उद्या सगळे गाव समोर बसणार, आणि ही मळकी पाठ कोणाच्या नजरेस पडली तर? म्हणतील, पहिल्याच दिवशी एवढा हलगर्जीपणा! त्याने पुन्हा चिंच घेतली, पुन्हा राख घेतली. दुपार कलेपर्यंत घासत राहिला, आणि मागची बाजूही पुढच्यासारखी झळकली तेव्हाच उठला. भीतीने केलेले काम फार नेटके होते, हे तुम्हीही कधी अनुभवले असेल.

अष्टमी उजाडली. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वर्षीचा अभिषेकाचा मान गावातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला मिळाला होता. रेशमी सोवळे नेसून, अंगाखांद्यावरचे दागिने सावरत शेटजी देवीच्या शेजारी कलश घेऊन बसले. गुरुजी खांबाला टेकून बसले. पुढच्याच रांगेत यमुनाक्का आणि दौलत. गदाधर देवीच्या समोर बसला, त्याने आरसा उचलून छातीशी धरला आणि मंत्र सुरू झाले.

सुरुवात ठीक झाली. पण थोड्याच वेळात गदाधराची नजर खाली गेली, आणि खाली, त्याच्या नाकासमोर, त्या लखलखीत पाठीत त्याचे स्वतःचे तोंड होते. घामाने डबडबलेले. कपाळावरचे गंध एका बाजूला ओघळलेले. डोळे चोरासारखे. त्याला वाटले, हेच तोंड लोकांना दिसते आहे! त्याने चेहरा शांत करून पाहिला, तर तो ढोंगी दिसू लागला. जरा हसरा केला, तर भलताच दिसला. ओठ मंत्र म्हणत होते, आणि सगळा जीव त्या तोंडात गुंतला होता. मनगट केव्हा कलले ते त्याला कळलेच नाही.

"अहो!" शेटजी एकदम ओरडले. "अहो महाराज, देवी कुठं गेली? मला तर इथं तुळई दिसतीय! आणि तुळईवर पाल!"

मंत्र थांबले. कलशातली धार मात्र पडून चुकली होती. शेटजींचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझ्या हातून पालीला अभिषेक घडला? वर्षाचा मान मला मिळतो, आणि मी न्हाऊ घालतो कोणाला, तर पालीला?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. लगेच कोणी म्हणाले, "हसता काय? अपशकुन आहे हा." कुजबुज वाढत गेली. गदाधराने आरसा खाली ठेवला. "शेटजी, चूक माझी आहे. गुरुजी, मला क्षमा करा. मी या जागेला लायक नाही. मला हे आधीपासून ठाऊक होतं," असे सगळ्यांसमोर म्हणून तो उठला. जाता जाता त्याला दौलत दिसला. दौलतचे तोंड पडले होते. गदाधराला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"आरसा इकडं आण," गुरुजी म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण त्यांचा शब्द मोडण्याची कोणाची छाती नव्हती. गदाधराने आरसा त्यांच्या हातात दिला. गुरुजींनी पाठीवरून तळवा फिरवला. गुळगुळीत लागली. "घासलास होय रे?" ते म्हणाले आणि चक्क हसले. मग ते भिंत चाचपत दिव्याच्या कोनाड्यापाशी गेले. तिथे वर्षानुवर्षांची काजळी साचली होती. ती त्यांनी बोटांनी खरवडली, समईतल्या तेलात कालवली आणि सगळ्या गावादेखत आरशाच्या पाठीला फासली. पार मध्यापासून काठापर्यंत.

लोक आ वासून पाहत राहिले. एक म्हातारी कानांवर हात ठेवून म्हणाली, "आई गं! देवीच्या आरशाला काळं फासलं!" गुरुजींनी हात धोतराला पुसले आणि आरसा गदाधरापुढे केला.

"धर."

"गुरुजी, माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"होईल की नाही ते मागनं बघू. आधी धर."

गदाधर पुन्हा बसला. त्याने आरसा छातीशी धरला. नजर सवयीने खाली गेली. तिथे आता काही नव्हते, नुसते काळे. ओघळलेले गंध नाही, चोराचे डोळे नाहीत. बघायचे तरी काय? मग नजर आपोआप आरशाच्या काठावरून वर गेली आणि समोर देवी होती. लहानपणापासून तो तिला पाहत आला होता, पण अशी समोरासमोर बसून कधी पाहिली नव्हती. डाव्या गालावरचा रंग थोडा उडाला होता. नाकातली नथ किंचित वाकडी होती. घर आवरून दमून बसलेल्या आईसारखी ती दिसत होती. गदाधर पाहत राहिला. मंत्र त्याच्या तोंडून चालले होते की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हते.

"आली!" शेटजींचा आवाज आला, आणि या वेळी तो रडवेला होता. "आली बघा. अशी स्वच्छ... आई, आई गं!" पाण्याची धार घंगाळात वाजू लागली.

तीर्थ वाटून झाले, लोक पांगले. दुपारी देवळाच्या ओवरीत गुरुजी एकटेच बसले होते. गदाधर गाठोडे घेऊन आला आणि त्यांच्या पाया पडला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळे सांगून टाकले. भाताचे पातेले, तो कीर्तनकार, ती भूक, दौलतविषयीची भीती, सारे. सांगताना त्याला रडू आवरेना.

गुरुजींनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून पाठ मळलीय. मळली नव्हती रे. मी ती मुद्दाम काळी ठेवत आलो, माझ्या गुरूंनीही ठेवली होती. तुला सांगायचं राहिलं, ती चूक माझी. आरसा धरणाऱ्याच्या नाकासमोर आरशाची पाठ असते. ती चकचकीत असली की माणूस तिथंच अडकतो. मी कसा दिसतो, मी लायक आहे ना, लोक काय म्हणतील. आपलं तोंड वाईट दिसलं म्हणून कुढत बसा, नाहीतर चांगलं दिसलं म्हणून फुगा, मनगट कलायचं ते कलतंच. पाठ काळी असली की तिथं बघण्यासारखं काही उरत नाही. मग नजर देवीवर जाते, आणि नजर तिथं ठरली की हात आपसूक सरळ राहतो."

"पण गुरुजी, दौलत तर माझ्याकडं बघून सुधारला. आणि मी हा असा!"

"दौलत तुझ्याकडं बघत होता, पण त्याला तू दिसत नव्हतास. पोथी वाचताना तू जिकडं तोंड केलं होतंस, ते त्याला तुझ्यात दिसलं."

"मग माझे दोष? ते तसेच राहू द्यायचे?"

"असं मी कुठं म्हटलं?" गुरुजी जरा चिडूनच म्हणाले. "पुढची बाजू रोज घासायची. हात दुखेपर्यंत घासायची. आणि त्या आचाऱ्याला आधी दोन गोड शब्द बोल जाऊन, त्याचेही डोळे माझ्यासारखेच गेलेत, म्हणून भात करपतो. पण घासून झालं की आरसा देवीकडं करायचा. आपल्याकडं नाही."

गदाधराने भीत भीत विचारले, "आणि पुन्हा कलला तर? मला तर ते कळणारही नाही."

"कलश ज्याच्या हातात आहे, तो ओरडेल. आज शेटजी ओरडले तसा. ते ओरडणं ऐकायचं. गाठोडं उचलायचं नाही."

"गुरुजी, तुम्हाला आयुष्यभर रोज आरशात देवी..."

"मला?" गुरुजी म्हणाले. "मी आरशात देवी एकदाही पाहिली नाही, बाळ. मी आरसा धरणारा."

गुरुजींचे दुधाळलेले डोळे नदीकडे लागले होते. ते पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज त्यांच्या मनगटांसारखा कापत होता.

"गदाधर, आता त्या काशाच्या आरशाचं सोड. मी माझं विचारतो. या गावासमोर मी जन्मभर बसलो. लोक पाया पडले, पोरांना माझा दाखला दिला. मला मात्र माझी काळी पाठच दिसत राहिली. निघायची वेळ जवळ आली, आणि एवढीच एक धास्ती मनातून जात नाही. माझ्यासमोर कलश घेऊन तू बसायचास. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस, खरं सांग. माझ्यात कधी काही दिसलं का रे तुला?"

जी भीती तो एकटा उराशी घेऊन फिरत होता, तीच या माणसाने जन्मभर उराशी बाळगली होती, आणि तरी रोज पहाटे आरसा उचलला होता! त्याने गुरुजींचे हात आपल्या हातांत घेतले. त्यांच्या नखांत अजून काजळी होती.

"खरं सांगतो, गुरुजी. एकदा तुमचा आरसा कलला होता. मी लहान होतो. फुलं कमी आली म्हणून आपण माळीबुवांना विनाकारण घालून पाडून बोललात. चूक त्यांची नव्हती, गुरांनी बाग खाल्ली होती. मी तिथं होतो. मला फार वाईट वाटलं."

गुरुजींनी मान खाली घातली.

"आणि संध्याकाळी," गदाधर म्हणाला, "आपण मला बोटाला धरून त्यांच्या घरी गेलात. त्यांच्या दारात, त्यांच्या बायकापोरांसमोर हात जोडून उभे राहिलात. त्या वेळी मला जे दिसलं ना गुरुजी, तेवढं स्वच्छ मला देवळातसुद्धा कधी दिसलं नाही. मी त्यावरच मोठा झालो."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी ते पुसले नाही. "त्या दिवशी मला इतकी लाज वाटत होती," ते म्हणाले, "की मी घरी येऊन जेवलोही नाही."

गदाधराच्या मनातली भीती गेली असे नाही. ती होतीच, पण आता ती गाठोडे उचलायला सांगत नव्हती. आतल्या चुलीपाशी आचारी खोकत होता. गदाधर उठला आणि त्याच्याकडे गेला.

आपणही कोणाच्या ना कोणाच्या समोर रोज आरसा धरून बसलेले असतोच. आपल्याला त्यात कधीच काही दिसायचे नाही; तेव्हा समोर कलश घेऊन कोण बसले आहे, ते एकदा पाहावे आणि धीर करून त्याला विचारावे, माझ्यात कधी काही दिसले का.